फिलिबस्टरला, म्हणजे अमेरिकन सिनेटमध्ये विधेयक अडवायला न थांबता बोलत राहतात त्याला, मराठीत काय म्हणायचं?

स्ट्रॉम थरमंडवर लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. 28 ऑगस्ट 1957 च्या रात्री साउथ कॅरोलिनाचे हे सिनेटर कृष्णवर्णीयांसाठीच्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध बोलायला उभे राहिले ते 24 तास 18 मिनिटं बोलतच राहिले, आधी स्टीम बाथ घेऊन अंगातलं पाणी कमी करून आलेले म्हणजे मधेच लघवीला जायला नको, आणि मग एकेका राज्याचे निवडणूक कायदे, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण, जे हाताला लागेल ते वाचत सुटले. याला नुसतं 'वेळकाढूपणा' म्हणणं फारच मिळमिळीत वाटतंय. दुसरं काही सुचवा ना.

—

गुऱ्हाळ! 😀

—

गुऱ्हाळ काय, चार टाळकी जमली की कुठेही चालू होतं, त्याला हेतू लागत नाही. इथे विधेयक अडवायचं होतं, सो 'मोडता घालणे' किंवा 'खो घालणे'. आपल्याकडे कसं, विरोधक हौद्यात उतरतात, कागद फाडतात, कामकाज तहकूब. तिकडे गोंधळ न घालता नियमात राहून अडवतात, फक्त बोलायचं थांबायचं नाही. बाकी फिलिबस्टर हा शब्द मुळात समुद्री चाच्यांवरून आलाय, म्हणजे सभागृह ओलीस धरणंच ते.

—

मोडता आवडला, पण पडला कुठे? भाषण संपल्यावर दोनेक तासांत विधेयक 60 विरुद्ध 15 नी पास. दक्षिणेतल्या सिनेटरांचं आधीच ठरलं होतं की या वेळी फिलिबस्टर करायचा नाही, हे एकटेच उठले त्यामुळे ते लोकही वैतागले. 'मोडता घालायचा प्रयत्न' लिहा.

—

बरं, आणि कॉन्झर्व्हेटिव्हला 'पुराणमतवादी' चालेल ना?

—

थरमंडना नको हो, फार सौम्य होतं. 1948 ला हा माणूस वंशविभाजन (गोरे-काळे वेगळे ठेवणं) टिकवा म्हणून डिक्सीक्रॅटांतर्फे, म्हणजे दक्षिणेतल्या फुटीर डेमोक्रॅटांतर्फे, थेट अध्यक्षपदाला उभा राहिला, चार राज्यं जिंकली, 39 इलेक्टोरल मतं घेतली. 1954 ला सिनेटच्या मतपत्रिकेवर नाव छापलेलं नव्हतं तर लोकांनी हाताने नाव लिहून निवडून दिलं, 1964 ला डेमोक्रॅट सोडून रिपब्लिकन झाले, आणि वयाची शंभरी गाठून जानेवारी 2003 लाच सिनेट सोडलं. पुढे मवाळ झाले हे खरंय, 1983 ला मार्टिन ल्यूथर किंगच्या सुट्टीच्या बाजूने मत दिलं, पण 48 आणि 57 चे थरमंड म्हणजे सरळ 'वंशविभाजनवादी' लिहा, आडपडदा कशाला.

आणि 2003 लाच ते गेल्यावर 78 वर्षांच्या एक निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षिका पुढे आल्या, म्हणाल्या मी त्यांची मुलगी, आई त्यांच्या घरी कामाला होती, सोळा वर्षांची. थरमंड कुटुंबाने मान्यही केलं. दाखवायचे दात वेगळे म्हणतात ते हेच.

—

मग 2025 ला डेमोक्रॅट सिनेटर कोरी बुकरनी 25 तास 5 मिनिटं बोलून थरमंडचा सिनेटमधल्या सर्वात लांब भाषणाचा रेकॉर्ड मोडला, तोही मोडताच का?

—

नाही, तिथे कुठलं विधेयक अडवायचं नव्हतंच, ट्रम्प सरकारचा निषेध होता. पेपरवाले लिहितात तसं 'मॅरेथॉन भाषण' लिहा. आणि बुकर स्वतः कृष्णवर्णीय आहेत, तेवढं एक वाक्य लेखात टाकाच.