पर्थ गाळा, उलुरूचा परत विचार करा

आई-बाबांना घेऊन १० दिवसात ऑस्ट्रेलियात सिडनी, मेलबर्न, केर्न्स, उलुरू आणि वर पर्थ, हा तुमचा प्लॅन वाचून आधी हसलो, मग आमचीच पहिली ट्रिप आठवली. अहो, सिडनी ते पर्थ विमानानेच ५ तास लागतात, म्हणजे जवळजवळ मुंबई-सिंगापूर झालं. ते सरळ गाळा. उलुरूचं पण लोकांना वाटतं अ‍ॅलिस स्प्रिंग्जला उतरलं की समोरच तो प्रचंड लाल खडक, तर तिथून गाडीने साडेचारशे किमी आहे! जायचंच असेल तर उलुरूजवळच्याच एअर्स रॉक एअरपोर्टचं तिकीट काढा, आणि खडकावर चढायला २०१९ पासून बंदी आहे हे बाबांना आधीच सांगून ठेवा.

मी असतो तर सिडनी ४ रात्री (त्यात एक दिवस ट्रेनने काटुंबा, म्हणजे ब्लू माउंटन्स डोंगरातलं गाव, दोनेक तास लागतात), केर्न्स ३ आणि शेवटी मेलबर्न ३, परतीचं तिकीट मेलबर्नहूनच, उगाच सिडनीला मागे यायचं नाही. प्रत्येक डोमेस्टिक फ्लाइटला अर्धा दिवस गेला असंच धरा.

आम्ही मेलबर्नजवळचा समुद्रकाठचा ग्रेट ओशन रोड जूनमध्ये एका दिवसात उरकायला गेलो, तिकडे तेव्हा सव्वापाचला सूर्य मावळतो हे डोक्यातच नव्हतं, त्या रस्त्यावरच्या ट्वेल्व्ह अपॉसल्सला (समुद्रातले उंच सुळके) पोचलो तर मिट्ट काळोख आणि आमचे बाबा मागच्या सीटवर थेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन गाढ झोपलेले.

बाय द वे महिना कुठला? डिसेंबर असेल तर केर्न्सला विषारी जेलीफिशचा सीझन असतो, बीचवर पाण्यात लावलेल्या जाळीच्या आतच पोहा.