रूम आवरणाऱ्या मावश्यांना टिप कशी द्यावी?
प्रश्न असा आहे की हॉटेलात हाऊसकीपिंगवाल्यांची, म्हणजे रूम आवरणाऱ्यांची, टिप रिसेप्शनला दिली तर चालते का, तर माझ्या मते नकोच ओ, हातात द्या आणि रोजच्या रोज द्या, कारण शिफ्ट बदलते आणि शेवटच्या दिवशी ठेवलेले पैसे भलत्यालाच मिळतात. उशीवर नुसती नोट ठेवली तर बऱ्याच जणी हात लावत नाहीत, गेस्टचे राहिलेले पैसे समजून, म्हणून सोबत 'तुमच्यासाठी' अशी चिठ्ठी ठेवायची.

आमच्या आत्या अक्कलकोट-तुळजापूर दर्शनाला आल्या होत्या, सोलापुरात स्टेशनजवळ रूम घेतलेली. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा चालू, म्हणजे जानेवारीतली गर्दी, सगळं फुल्ल, आणि तशातही रूम आवरणाऱ्या मावशींनी आत्यांचं गुडघ्याचं दुखणं बघून कुणी न सांगता बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि रात्री घरी जाताना एक जास्तीची चादर देऊन गेल्या. आत्या अजून मॅनेजरचं नाही, त्या मावशींचंच नाव काढतात.

आणि टिप देतो म्हणून काहीही करायचं असं नाही बरं का. तुळजापूरहून आल्यावर कपाळाचं हळदकुंकू पांढऱ्या टॉवेलला पुसू नका, आणि शेंगा चटणी-भाकरी बेडवर बसून तर अजिबात खाऊ नका, तेलाचे डाग चादरीवरून निघता निघत नाहीत आणि बोलणी त्यांनाच खावी लागतात. ऑनलाईन रिव्ह्यूमध्ये कामाचं कौतुक आणि रूम नंबर लिहिलात तर उत्तमच, मॅनेजर लोक ते वाचतात.