परदेशात भाड्याने घेतलेली गाडी आणि तिचा विमा : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-७०३ :
सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या सुटीत आम्ही सहा जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जात असून क्राइस्टचर्चला गाडी भाड्याने घेऊन नऊ दिवसांनी ती क्वीन्सटाउनला परत करणार आहोत. कंपनीने विम्याचे दोन पर्याय दाखवले आहेत. भाड्यातच धरलेल्या साध्या पर्यायात नुकसान झाल्यास पहिले ४,००० न्यूझीलंड डॉलर आपण भरायचे, आणि दिवसाला ३२ डॉलर जादा दिले तर काहीच भरायचे नाही. आमच्या सासऱ्यांचे म्हणणे असे, की प्रवास विमा काढलेलाच आहे, तेव्हा हा खर्च वायफळ आहे. ए-१०१ मधील काका विमा सर्वेक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत, म्हणून त्यांनाच विचारते.

ए-१०१ :
सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि पॉलिसीतील वैयक्तिक दायित्वाचे पान त्यांच्यासमोर ठेवा. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई ही पॉलिसी करते खरी, परंतु मोटार चालवताना झालेले नुकसान बहुतेक पॉलिसींमध्ये त्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले असते. भाड्याच्या गाडीचा एक्सेस, म्हणजे नुकसानीतील आपण भरायची पहिली रक्कम, भरून देणाऱ्या काही पॉलिसी असतात, पण त्यांत तसे वेगळे कलम लिहिलेले असते. ते सापडले नाही, तर ते नाही असेच धरून चालावे.

दुसरे असे, की काउंटरवर ज्याला सगळे विमा म्हणतात तो बऱ्याचदा काटेकोर अर्थाने विमा नसतोच. अमुक रकमेपुढचे नुकसान आम्ही तुमच्याकडून मागणार नाही, असे गाडीच्या मालकाने करारात दिलेले ते वचन असते. ती अमुक रक्कम म्हणजे एक्सेस. आपल्याकडे खासगी मोटारीच्या क्लेममध्ये १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये आपल्याला सोसावे लागतात, ज्याला गॅरेजवाले फाइल चार्ज म्हणतात, त्याचाच हा थोरला भाऊ समजा. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, चालकाने मद्यपान केले किंवा मनाई असलेल्या रस्त्यावर गाडी नेली, तर हे वचन तिथेच संपते आणि रोजचे ३२ डॉलर भरलेले असूनही दुरुस्तीचा पूर्ण खर्च आपल्या माथी येतो. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड हा असाच मनाईचा रस्ता आहे. कितीही मोह झाला तरी भाड्याची गाडी तिकडे वळवू नका.

न्यूझीलंडची एक गोष्ट वेगळी आहे. तिथे १९७४ पासून अपघातातील शारीरिक इजेची व्यवस्था सरकारी महामंडळाकडे असून पाहुण्यांच्या उपचारांनाही तिची मदत मिळते, त्यामुळे इजेबद्दलच्या दाव्यांची धास्ती तिथे फारशी नसते. मात्र आजारपण किंवा मायदेशी परतण्याचा खर्च त्यात येत नाही, म्हणून प्रवास विमा हवाच. उलट मालमत्तेच्या नुकसानीचा विमा तिथे कोणत्याही वाहनमालकावर सक्तीचा नाही. समोरच्याने येऊन ठोकले आणि त्याचा विमाच नसला, तर तुमची काही चूक नसतानाही कंपनी एक्सेस तुमच्याकडूनच घेते आणि त्याच्याकडून वसुली झाली तरच परत करते. माझ्या मते या एका कारणासाठी नऊ दिवसांचे २८८ डॉलर मोजावेत.

सी-४०४ :
काकांच्या म्हणण्याला आमचा अनुभव जोडतो. आइसलँडमध्ये एका धबधब्याच्या वाहनतळावर मुलीने दार उघडले आणि वाऱ्याने ते तिच्या हातातून हिसकावून पार पुढच्या बाजूला दुमडले. बिजागरी वाकली, दार लागेना, आणि आम्ही पुढचे चाळीस किलोमीटर ओढणीने ते आतून बांधून गेलो. आपण तर पूर्ण कव्हर घेतले आहे, अशा भ्रमात मी होतो. करारात मात्र वाऱ्याने दाराचे होणारे नुकसान वगळलेले होते, तेही अगदी ठळक अक्षरांत, आणि खालची सही माझीच होती.

ए-१०१ :
आपल्याकडील झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा विमा, आणि तिकडचे झिरो एक्सेस एकच, असे लोकांना वाटते, ते अशा वेळी महागात पडते. टायर, समोरची काच, गाडीचा तळ, छप्पर, हरवलेली किल्ली आणि चुकीचे इंधन या सहा गोष्टी आत आहेत की बाहेर, हे करारात एकेक करून शोधावे.

बी-७०३ :
काका, आणखी एका संकेतस्थळावर हेच एक्सेस कव्हर जवळजवळ निम्म्या दरात मिळते आहे. ते घ्यावे का? शिवाय आमच्या चिरंजीवांनी वाचले आहे, की आर्थर्स पासला किआ नावाचे पोपट गाड्यांच्या खिडक्यांचे रबर सोलून काढतात. तिकडे काका नावाचाही पोपट असतो म्हणे, पण त्याची अशी तक्रार नाही.

ए-१०१ :
नामबंधूची अब्रू राखल्याबद्दल चिरंजीवांचा आभारी आहे. किआने केलेली नासधूस कोणत्या कलमात बसते, ते कंपनीला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

स्वस्त कव्हरबाबत दोन गोष्टी तपासा. ते भारतात राहणाऱ्या व्यक्तीला विकले जाते का, हे आधी पाहा, कारण युरोपातील अशा अनेक पॉलिसी केवळ तिथल्या रहिवाशांसाठी असतात आणि राहण्याचा देश चुकीचा भरला तर पैसे भरूनही दावा नाकारला जातो. तसेच ते परताव्याचे कव्हर असते, म्हणजे ४,००० डॉलर आधी तुमच्या कार्डावरून जाणार आणि करार, नुकसानीचा अहवाल, अंतिम बिल व कार्डाचे विवरणपत्र पाठवल्यावर ते यथावकाश परत येणार. तेवढा काळ दम धरता येत असेल तर जरूर घ्या.

डी-६०२ :
कार्डाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. आमच्याकडे यांचे नाव चालक म्हणून आणि कार्ड माझे, म्हणून काउंटरवर पाऊण तास गेला. एक्सेसची रक्कम त्या कार्डावर अडकवून ठेवतात, तेव्हा तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा, आणि परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून पुण्यातूनच सुरू करून जा. काका, आम्ही मार्चमध्ये मुलाकडे कॅलिफोर्नियाला जाऊन गाडी घेणार आहोत. तिथेही हाच हिशेब का?

ए-१०१ :
नाही ताई, तिथे हिशेब उलटा आहे. अमेरिकेत गाडीला पडलेल्या पोच्यापेक्षा दुसऱ्याला झालेल्या इजेचे दावे भारी पडतात. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून गाडीच्या विम्यातील किमान दायित्व वाढवले, तरी ते एका जखमीमागे ३०,००० डॉलर आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर एवढेच आहे, आणि तिथल्या रुग्णालयांचे दर मुलाला ठाऊक असतीलच. तिथे दायित्वाचे वाढीव कव्हर घ्या. ते साधारणपणे १० लाख डॉलरपर्यंतचे असते.

बी-७०३ :
मग आम्ही कंपनीचेच झिरो एक्सेस घेतो आणि दिरांचे नाव दुसरे चालक म्हणून आजच घालतो. संगम पुलाच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढण्याची गरज आहे का?

ए-१०१ :
आपला परवाना इंग्रजीत असल्याने न्यूझीलंडमध्ये तो चालतो, पण कंपनीची अट वेगळी असू शकते, म्हणून तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. काढायचाच ठरला तर नमुना ४-अ भरावा लागतो, शुल्क १,००० रुपये आणि मुदत एक वर्ष. गाडी ताब्यात घेताना चारही चाके, काच आणि छप्पर यांचे चित्रीकरण करा, आणि परत करतानाही तसेच करा. करार आला की छापून आणा. अक्षर मात्र मोठे ठेवा, गेल्या महिन्यात माझ्या एकाच डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे.