हरभऱ्याची दोन दले होतात, मग मक्याच्या दाण्याची का होत नाहीत? बियांचे भाग घरी पाहण्याविषयी प्रश्न

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडवरील पालक

नमस्कार. माझी मुलगी सहावीत शिकते. बियांची रचना तिला वर्गात फळ्यावरच्या आकृतीवरून शिकवली गेली असून बीजावरण, बीजपत्र, आदिमूळ आणि अंकुर ही नावे तिला पाठ आहेत. मात्र प्रत्यक्ष बी हातात दिल्यावर यांपैकी नेमके काय कोठे आहे, हे तिला दाखवता येत नाही. म्हणून आम्ही राजमा, काबुली नव्हे तर साधा गावरान हरभरा आणि मका असे तीन प्रकारचे दाणे रात्रभर भिजवले. राजम्याची आणि हरभऱ्याची साल अलगद निघाली व आत दोन दले दिसली. मक्याचा दाणा मात्र कोणत्याही बाजूने दाबला तरी दुभंगत नाही. त्याच्या एका टोकाला पांढरट भाग दिसतो, पण तो म्हणजे नक्की काय हे समजत नाही.

हे करताना मुलीने विचारलेले दोन प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. साल इतकी घट्ट असताना पाणी आत कोठून शिरते, हा पहिला. आणि हरभरा उगवतो तर हरभऱ्याची डाळ पेरल्यावर ती का उगवत नाही, हा दुसरा. आमच्याकडे साधे भिंग, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि नेहमीची भांडी एवढेच साहित्य आहे. तेवढ्यात करता येण्याजोगे काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षिका, पंचवटी

ताई, आपल्या मुलीचे दोन्ही प्रश्न इतके नेमके आहेत की त्यांच्याच आधारे संपूर्ण प्रयोग बांधता येईल. भागांना नावे देण्यापूर्वी प्रत्येक भाग काय काम करतो हे तिला शोधू द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण काम कळले की नाव विसरले तरी बिघडत नाही, पण केवळ नाव पाठ असेल तर आकृतीबाहेरची बी समोर येताच मूल गोंधळते.

सुरुवात राजम्यापासून करावी, कारण त्याचे भाग मोठे असतात. दाणा दहा-बारा तास भिजू द्यावा. साल काढण्याआधी त्याच्या आत वळलेल्या बाजूवरची लंबगोल खूण भिंगातून पाहावी. दाणा शेंगेला जेथे जोडलेला होता, त्या जागेची ती खूण असून तिला नाभी म्हणतात. नाभीच्या एका टोकाजवळ टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र दिसते, ते बीजरंध्र होय. भिजलेला दाणा कोरडा पुसून चिमटीत हलकेच दाबला, तर या छिद्रातून पाण्याचा सूक्ष्म थेंब बाहेर येतो. पाणी कोठून शिरते या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सुरुवात येथून करता येईल.

यानंतर नाभीच्या विरुद्ध बाजूने नखाने साल उकलावी. दोन्ही दले, म्हणजेच बीजपत्रे, एकदम ओढून वेगळी करू नयेत; फळीवर दाणा आडवा ठेवून वरचे दल बाजूने सावकाश उचलावे, म्हणजे भ्रूण (बीतले इवले रोप) खालच्या दलाला चिकटलेला अखंड राहतो. त्याचे टोकदार टोक बीजरंध्राच्या दिशेला असते. तेच आदिमूळ. दुसऱ्या टोकाला दोन इवली, दुमडलेली, शिरा असलेली पाने दिसतात, तो अंकुर. मुलांना सर्वांत जास्त आश्चर्य या पानांचे वाटते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यासाठी त्यांना भिंगाजवळ हवा तेवढा वेळ द्यावा.

आता डाळीचा प्रश्न. हरभऱ्याची डाळ म्हणजे त्याचे एक बीजपत्र. भरडताना आणि पाखडताना साल निघून जाते, दले सुटी होतात आणि भ्रूण तुटून वेगळा होतो. डाळ पेरली तर ती पाणी शोषून फुगते आणि नंतर कुजते, कारण वाढणारा भाग तिच्यात उरलेलाच नसतो. हे मुलीला सांगण्याऐवजी करून पाहायला लावावे. भिजलेल्या हरभऱ्याचे चार गट करावेत : अख्खे दाणे, एक बीजपत्र काढलेले, पण दुसऱ्याला भ्रूण चिकटलेला असे दाणे, दोन्ही बीजपत्रे काढलेले नुसते भ्रूण, आणि भ्रूण काढून टाकलेली नुसती दले. चारही गट ओल्या कापसावर ताटलीत ठेवावेत व कापूस सुकू देऊ नये. नुसता भ्रूण थोडा वाढून थांबेल. एका बीजपत्रावरचा जगेल, पण अख्ख्या दाण्याच्या मानाने किरकोळ राहील. नुसत्या दलांना काहीही फुटणार नाही. बीजपत्रात अन्न साठवलेले असते हे वाक्य मग पाठ करावे लागत नाही.

मक्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण अडचण तेथेच आहे. मक्याला बीजपत्र एकच असते, त्यामुळे दुभंगण्यासारखे त्यात काही नाही. शिवाय आपण ज्याला मक्याचे बी म्हणतो ते वास्तविक संपूर्ण फळ आहे. फळाची भिंत आणि बीजावरण एकमेकांना चिकटून एकच पातळ आवरण झालेले असते, म्हणूनच त्याची साल राजम्यासारखी सुटत नाही. दाणा चोवीस तास भिजवावा, मधे पाणी बदलावे. चपट्या बाजूवर जो पांढरट, लांबट भाग आपल्याला दिसला तो भ्रूण आहे. दाणा त्या बाजूने वर ठेवून टोकापासून रुंद भागापर्यंत, बरोबर त्या पांढऱ्या भागाच्या मध्यातून उभा चिरावा. चिरण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. कापलेल्या पृष्ठभागावर औषधांच्या दुकानात मिळणारे आयोडीनचे द्रावण पाण्यात पातळ करून एक थेंब टाकावे. दाण्याचा बराचसा भाग निळा-काळा होईल, तो स्टार्चने भरलेला भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणासाठीचा अन्नसाठा. आणि भ्रूणाचा भाग पिवळसरच राहील, कारण त्यात स्टार्च फारसा नसून तेल व प्रथिने जास्त असतात. दोघांमधली सीमारेषा इतकी स्पष्ट उमटते की वेगळी आकृती काढून दाखवावी लागत नाही. आयोडीनचे डाग कपड्यांवर पडतात आणि प्रयोगात वापरलेले दाणे खायचे नाहीत, एवढे मुलीला बजावावे. भिजवलेला कच्चा राजमाही तोंडात टाकू देऊ नये. तो कच्चा असताना विषारी असतो.

उत्तर : वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, कॉलेज रोड

बाईंनी वर्णन केलेल्या प्रयोगांशी मी सहमत आहे. फक्त पाण्याच्या वाटेविषयी एक पुरवणी जोडावीशी वाटते. बीजरंध्रातून थेंब बाहेर आला, एवढ्यावरून सगळे पाणी तेथूनच आत गेले असा निष्कर्ष काढता येणार नाही. तो निष्कर्ष तपासण्याची सोय मात्र घरातच आहे. सारख्या आकाराचे कोरडे राजम्याचे दाणे घेऊन त्यांचे तीन गट करावेत. पहिल्या गटाच्या नाभीवर व बीजरंध्रावर नेलपॉलिशचा जाड थर द्यावा, दुसऱ्या गटाला तेवढ्याच आकाराचा थर पाठीवर द्यावा आणि तिसरा गट तसाच ठेवावा. थर पूर्ण वाळल्यावर प्रत्येक गटाचे वजन नोंदवून सर्व दाणे एकाच वेळी पाण्यात टाकावेत आणि दर दोन तासांनी बाहेर काढून, पुसून पुन्हा तोलावेत. दुसरा गट यात अत्यंत आवश्यक आहे. तो नसेल तर फरक छिद्र बंद झाल्यामुळे पडला की केवळ नेलपॉलिशमुळे, हे सांगता येणार नाही. एका गटात वीस-पंचवीस दाणे तरी असावेत, कारण स्वयंपाकघरातील काटा एकेका दाण्याचा फरक टिपत नाही. सुरुवातीच्या तासांतील वजनांकडे विशेष लक्ष द्यावे. पुढे सालीतूनही पाणी जिरू लागते आणि गटांमधील अंतर कमी होत जाते.

यालाच जोडून आणखी एक गोष्ट सुचवतो. मटकी किंवा मूग भिजवल्यावर काही दाणे दगडासारखे कोरडेच राहतात, ज्यांना आपण गणंग म्हणतो. ते फेकून न देता बाजूला काढावेत. त्यांपैकी निम्मे दाणे पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासावेत आणि सर्व पुन्हा भिजवावेत. घासलेले दाणे बहुधा काही तासांतच फुगतात, न घासलेले तसेच राहतात. याचा अर्थ त्यांच्या आतला भ्रूण मेलेला नव्हता; बीजावरणातून पाणी जात नव्हते. बीजावरण संरक्षण करते असे पुस्तकात एका ओळीत येते, परंतु रुजण्याची वेळ पुढे ढकलण्याचे कामही ते करते, हे या दाण्यांवरून दिसते. रानात पडलेल्या सगळ्या बिया पहिल्याच पावसात एकदम रुजल्या आणि नंतर उघडीप पडली, तर त्या जातीचे एकही रोप उरणार नाही. काही बिया मागे राहणे त्यामुळे उपयोगाचे ठरते.

उत्तर : कांदा उत्पादक, निफाड तालुका

येथे सर्व उदाहरणे कडधान्यांची आणि मक्याची आली आहेत. आपल्या जिल्ह्यात राहून कांद्याचे बी, म्हणजे उळे, मुलीला दाखवले नाही तर चुकल्यासारखे होईल, म्हणून लिहितो. डोंगळ्यांपासून, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्याच्या दांड्यांपासून, मिळणारे हे काळे, कोनदार बी मक्याप्रमाणेच एकबीजपत्री आहे, पण त्याची उगवण मक्यापेक्षा अगदी निराळी दिसते. ओल्या कापसावर ठेवल्यास आधी मूळ बाहेर येते आणि त्यामागून बीजपत्र वाकलेल्या काडीसारखे वर निघते. त्याचे टोक बराच काळ बियांच्या टरफलातच अडकलेले असते आणि तेथील भ्रूणपोषातून अन्न शोषत असते. नंतर काडी सरळ होते, तेव्हा काळे टरफल तिच्या टोकावर तसेच दिसते. पुष्कळांना ते अडकलेला कचरा वाटते व ते खुडून काढतात. तसे करू नये, कारण रोपाचे जेवण त्याच्या आत चाललेले असते. हे बी मागील हंगामातले ताजे असावे. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते आणि जुने बी आणले तर मुलीला प्रयोग फसल्यासारखे वाटेल.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, दुकानातून पेरणीचे पाकीट आणणार असाल तर त्यातील बियांना बुरशीनाशक चोळलेले असू शकते. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचे बी मुलांच्या हाती अजिबात देऊ नये. घरगुती बी वापरणारा एखादा शेतकरी ओळखीचा असेल तर त्याच्याकडून चिमूटभर न चोळलेले उळे मागून घ्यावे. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करणार असाल तर आपल्याकडच्या थंडीचाही विचार करावा. निफाडचा पारा त्या दिवसांत दहा अंशांच्या खाली उतरतो आणि उगवण रेंगाळते. ताटली रात्री बंद कपाटात किंवा स्वयंपाकघराच्या उबदार कोपऱ्यात ठेवावी आणि लगेच निराश होऊ नये.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मक्याचा दाणा सांगितल्याप्रमाणे उभा चिरून आयोडीन टाकले आणि निळ्या-काळ्या भागात पिवळसर भ्रूण स्वच्छ दिसला. चार गटांची ताटलीही मांडली आहे. आता मुलीने नवी शंका काढली आहे. तांदूळ हेही मक्यासारखेच धान्य असेल तर त्यात भ्रूण का दिसत नाही? आणि सीडलेस द्राक्षाच्या आत जो मऊ, पांढरट ठिपका सापडतो त्याला बी म्हणायचे की नाही?

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षिका, पंचवटी

तांदळाचा दाणा भिंगाखाली धरून त्याच्या दोन्ही टोकांची तुलना करावी. एका टोकाला तिरकी खाच दिसेल. भ्रूण तेथे होता. गिरणीत टरफल निघते आणि पॉलिश करताना कोंड्याबरोबर भ्रूणही निघून जातो, त्यामुळे आपल्या ताटात येतो तो जवळजवळ निव्वळ भ्रूणपोष. भातशेती असलेल्या इगतपुरीकडून टरफलासह भाताचे काही दाणे मिळाले तर ते पांढऱ्या तांदळाशेजारी ओल्या कापसावर ठेवावेत. भात रुजेल, तांदूळ रुजणार नाही, आणि हरभऱ्याच्या डाळीच्या बाबतीत जे दिसले तेच येथे दिसेल. फरक इतकाच की डाळ हे बीजपत्र आहे आणि तांदूळ हा भ्रूणपोष. गव्हाचा रवा आणि मैदाही मुख्यतः भ्रूणपोषच असतो.

द्राक्षाविषयी वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने लिहावे, अशी माझी विनंती आहे.

उत्तर : वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, कॉलेज रोड

थॉमसन सीडलेससारख्या जातींत फलन होते, बी तयार होण्यास सुरुवातही होते, परंतु भ्रूण आणि भ्रूणपोष यांची वाढ लवकरच थांबते व बीजावरण कठीण होत नाही. आपल्या मुलीला सापडलेला ठिपका म्हणजे ही अर्धवट राहिलेली बी आहे, त्यामुळे तिचा संशय रास्त आहे. अशा ठिपक्यापासून रोप मिळत नसल्याने या वेलींची अभिवृद्धी कलमाने करतात; आपल्याकडच्या बागांत डॉगरिजसारख्या खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या दुसऱ्या वेलीवर) डोळा भरण्याची किंवा काडी कलम करण्याची पद्धत रूढ आहे.

तुलनेसाठी बिया असलेल्या द्राक्षाची एक बी उभी चिरून पाहावी, मात्र ती कठीण असल्याने हे काम आपण स्वतः करावे. द्राक्ष द्विबीजपत्री असूनही त्याच्या बीत राजम्यासारखी दोन मोठी दले आढळत नाहीत. आतला बहुतेक भाग भ्रूणपोषाने व्यापलेला असतो आणि भ्रूण निमुळत्या टोकाशी इतका लहान असतो की तो भिंगाशिवाय दिसणे अवघड आहे. द्विबीजपत्री बियांत अन्न नेहमी बीजपत्रांतच साठवलेले असते असा समज राजमा आणि हरभरा पाहून होण्याची शक्यता असते. तो पक्का होण्यापूर्वीच ही बी तिला दाखवावी. द्राक्षाच्या बियांतील राखीव अन्नात तेलाचा वाटा मोठा असल्याने आयोडीनचा रंग येथे मक्यासारखा गडद उमटणार नाही. त्याऐवजी चिरलेला भाग पांढऱ्या कागदावर दाबून घासावा, कागद उन्हात वाळवावा आणि पाण्याचा ओलावा उडून गेल्यावरही राहणारा पारदर्शक डाग उजेडासमोर धरून पाहावा. भुईमुगाच्या दाण्याचा डाग त्याच कागदावर शेजारी घेतला तर ताडून पाहता येईल.