केन, म्हातारी आणि तिची तीन कुत्री

'अ फिश कॉल्ड वांडा' या विनोदी सिनेमातले कुत्र्यांचे प्रसंग निव्वळ क्रूर आहेत, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. गंमत कुत्र्यांच्या मरणात नाही, दरोडेखोरांच्या टोळीतल्या केनच्या हालात आहे. दरोड्याच्या साक्षीदार म्हातारीला संपवायचं काम येतं ते या प्राणीवेड्या, बोलताना अडखळणाऱ्या माणसाकडे! पहिल्या दोन्ही वेळी म्हातारी वाचते आणि तिचा एक इवलासा यॉर्कशायर टेरियर जातो. मग केन लपून त्याच्या दफनविधीला जातो आणि ढसाढसा रडतो. तिसऱ्या कुत्र्याच्या वेळी म्हातारी धक्क्यानेच जाते. केन साकारणाऱ्या मायकेल पेलिनने तो अपराधीपणा इतका खरा केलाय, की हसता हसता कणव येते. त्याला या भूमिकेसाठी बाफ्टा हे ब्रिटिश चित्रपट पारितोषिक मिळालं ते योग्यच.

पेलिनचे वडीलही केनसारखेच अडखळत बोलत. पुढे १९९३ मध्ये लंडनमध्ये अशा मुलांसाठी त्याच्या नावाचं केंद्र निघालं.

आणि दिग्दर्शक चार्ल्स क्रायटनला विसरू नका. लंडनच्या ईलिंग स्टुडिओत १९५१ चा 'द लॅव्हेंडर हिल मॉब' हा विनोदी सिनेमा करणारा हा माणूस १९८८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, इतका चपळ सिनेमा करतो. प्रसंग कुठे तोडायचा हे त्याला नेमकं कळतं, म्हणूनच कुत्र्यांचं ते मरण अंगावर येत नाही.