सोसायटीतील लॉन काढून कमी पाण्याची बाग कशी करावी?

नेरूळची रहिवासी: आमच्या सोसायटीतील लॉनवर मार्चपासून रोज नळी सोडावी लागते आणि पावसाळ्यात तेथेच चिखल साचतो. त्याऐवजी मुलांनाही शिकता येईल अशी, कमी पाण्याची आणि फुलपाखरांना आसरा देणारी सामायिक बाग करावी, असा प्रस्ताव मला सर्वसाधारण सभेत मांडायचा आहे. सुरुवात कशापासून करावी?

गच्चीवाला, ठाणे: पाचोळ्यापासून. झाडलेली पाने जाळण्याऐवजी आळ्यात चार बोटे जाडीचा थर अंथरला, की ऊन थेट मातीवर पडत नाही आणि ओल टिकते. खोडाला मात्र तो टेकवू नये, खोड कुजते. नव्या रोपांजवळ झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे, म्हणजे पाणी मुळांपाशी झिरपत राहते. (झाकण हवेच, अन्यथा डासांची सोय होते.)

पानफुटी: माझ्या मते फुलांआधी फुलपाखरांच्या अळ्यांच्या खाद्याचा विचार व्हावा. आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते, प्लेन टायगर रुईवर आणि रेड पिएरो पानफुटीवर. कुरतडलेली पाने दिसताच माळी फवारणी करतो, ती थांबवणे हेच सर्वांत अवघड काम आहे. सभेपूर्वी ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग समितीला दाखवावी.

गच्चीवाला, ठाणे: सहमत, फक्त रुई मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी, कारण तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.