लग्नाचे फोटो: कॉपीराइटची ओळ बुकिंगलाच लिहून घ्या

'ज्या छायाचित्रकाराने शटर दाबलं त्याचा कॉपीराइट' असं म्हटलं जातं, पण पैसे घेऊन केलेल्या कामाला ते लागू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ग्राहकच. म्हणून अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी कोटेशनवर लिहा: "फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे, ग्राहकाला घरगुती वापर, प्रिंट व सोशल मीडियाची परवानगी." खाली ग्राहकाची सही, तारीख. अल्बम दिल्यावर जाग आली तर कलम १९ प्रमाणे ग्राहकाच्या सहीचं, कॉपीराइट तुमच्याकडे देणारं हस्तांतरणपत्र लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात. इथेच बरेच जण फसतात. पोर्टफोलिओत चेहरे वापरायची संमती मात्र वेगळी घ्या.